विमा नसताना घरातल्या सगळ्यांच्या दातांचा खर्च कसा बसवायचा: सोलापूरकरांसाठी

दाढेवर काळा ठिपका दिसतो, दुखत काहीच नसतं. त्या आठवड्यात ती भरून घेतली तर एक सिटिंग, अर्धा तास. वर्षभर थांबलं की गार पाण्याची कळ येऊ लागते, मग रात्रीचा ठणका, आणि तोवर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. आता रूट कॅनाल आणि वर कॅप. तेही टाळलं तर दाढ काढायची, आणि रिकामी जागा भरायची म्हटलं तर शेजारच्या दोन दाढा घासून तीन कॅपांचा पूल. समजा भरायला ८०० रुपये लागले, तर रूट कॅनाल आणि साधी कॅप मिळून ६ ते ८ हजार होतात, आणि पुलाला एका कॅपच्या तिप्पट. दवाखान्यागणिक आकडे बदलतात, प्रमाण फारसं बदलत नाही.

मेडिक्लेम आहे म्हणून कुणी निर्धास्त असेल तर पॉलिसी एकदा उघडून पाहावी. बहुतेक पॉलिसींत अपघातात तुटलेले दात येतात. भरणं, रूट कॅनाल, कवळी येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच: तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया तिच्यात होते, किडलेली दाढ भरून मिळत नाही. म्हणजे दंतवैद्याच्या खुर्चीत विमावाला आणि बिनविम्याचा जवळपास सारखेच.

आधी घरातली सगळी तोंडं बघा

एका रविवारी सकाळी, उजेडात, मोबाइलची टॉर्च लावून सगळ्यांच्या दाढा बघा. दाढेच्या खाचेतला काळा किंवा तपकिरी डाग, दोन दातांच्या मध्ये आतून दिसणारी राखाडी सावली, हिरडीवरची पुळी, हलणारा दात, दोन आठवड्यांनंतरही न भरलेली तोंडातली जखम किंवा चट्टा. वहीत माणसागणिक लिहा. मिश्री, तंबाखू, मावा घेणाऱ्याच्या गालाच्या आतली बाजू आणि जिभेची कड मुद्दाम बघा. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर बाकीची यादी बाजूला ठेवून तो माणूस आधी दाखवा.

मग सगळ्यांची एकदाच तपासणी करून घ्या आणि प्रत्येकाचा लेखी उपचार-आराखडा मागा. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत बदलतं. कागदावर दाताचा नंबर हवाच. हा नंबर वाचता आला की निम्मी फसवणूक आपोआप टळते, म्हणून जरा नीट समजून घ्या.

नंबर दोन आकडी असतो. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो: १ म्हणजे रुग्णाची वरची उजवी बाजू, २ वरची डावी, ३ खालची डावी, ४ खालची उजवी. दुसरा आकडा मधल्या पटाशीपासून मागे मोजायचा, १ पासून ८ पर्यंत. ४६ म्हणजे खालच्या उजव्या बाजूची सहावी, पहिली मोठी दाढ. ३८ म्हणजे खालची डावी अक्कलदाढ. दुधाच्या दातांचा पहिला आकडा ५ ते ८ असतो, म्हणून ७५ दिसलं की ती दुधाची दाढ. एका दवाखान्याने तीन रूट कॅनाल सांगितले आणि दुसऱ्याने दोन, तर भांडण्यापेक्षा एवढंच विचारा: ‘तिसरी कुठली? ३७ ला तुम्हाला एक्स-रेमध्ये काय दिसतं?’ नंबरावर बोलणाऱ्या रुग्णाशी डॉक्टरही नंबरावरच बोलतात.

एक्स-रेचं एक लक्षात ठेवा. एका-दोन दातांचा छोटा फोटो स्वस्त असतो आणि एका दाढेच्या निर्णयाला पुरतो. पूर्ण जबड्याचा ओपीजी अक्कलदाढा, बरेच दात काढायचे असले, जबड्याला मार लागला असला तर लागतो. काढलेला प्रत्येक फोटो व्हॉट्सॲपवर मागून घ्या. दुसरीकडे मत घ्यायला गेलात की तोच दाखवायचा, परत पैसे भरायचे नाहीत.

कुठल्या दाताला आधी पैसे

घरोघरी होणारी चूक एकच. दुखणाऱ्या एका दाढेवर सगळे पैसे जातात आणि न दुखणाऱ्या तीन तशाच राहतात. दोन वर्षांनी त्या तिघी रांगेत उभ्या असतात. म्हणून क्रम ठरवताना दुखणं आणि वाचवता येणं, दोन्ही तोलायचं.

पू, सूज, ताप, रात्रीची झोप मोडणारा ठणका: हे थांबवायलाच हवं, त्याला पर्याय नाही. पण थांबवणं म्हणजे लगेच सगळं पूर्ण करणं नव्हे. पहिल्या सिटिंगला नस उघडून, साफ करून, औषध घालून तात्पुरतं बंद केलं की दुखणं बसतं. पुढच्या भागाला थोडे दिवस मिळतात.

त्याच्या बरोबरीने, किंबहुना खिसा लहान असेल तर त्या राहिलेल्या पुढच्या भागाच्याही आधी, ज्या दाढा अजून नुसत्या भरून वाचतात त्या उरका. ओळखायची खूण अशी: गार पाणी लागल्यावर कळ आली आणि पाणी गिळताच दोन-चार सेकंदांत गेली, तर नस बहुधा अजून जिवंत आणि शांत आहे. कळ अर्धा मिनिट रेंगाळली, गरम चहानेही दुखलं किंवा काही न खाता आपोआप ठणकलं, तर नुसत्या भरण्याने ती राहणार नाही. आणि महिनाभर दुखून एकदम थांबलेली दाढ बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी जमत असतो. सगळ्यात महागात पडतं ते हे थांबलेलं दुखणं.

तिसरं, हिरड्या. वर्षातून एकदा स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर काढणं; मधुमेह असलेल्याला किंवा हिरडीचा त्रास असलेल्याला सहा महिन्यांनी. स्केलिंग केलं की दात हलतात हा समज सोलापुरात फार घट्ट आहे. थराने झाकलेल्या फटी उघड्या पडतात आणि आधीच सैल झालेला दात थराच्या आधाराविना हलतो, एवढंच. थर ठेवला तर हाड झिजत राहतं आणि एक दिवस न किडलेले दात हाताने निघतात.

रिकाम्या जागा, वाकडे दात, पांढरेपणा हे सगळं त्यानंतर. दात पांढरे करून घेण्याची जाहिरात पाहून गेलेल्याच्या तोंडात दोन कीड लागलेल्या दाढा असतात, हे नेहमीचं दृश्य आहे.

वाचवायची कुठली आणि काढली तरी चालेल कुठली, याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पटाशीचे दात, सुळे, त्यांच्या मागच्या दोन लहान दाढा आणि सहावी दाढ यांच्यावर पैसे घालणं वसूल होतं. अक्कलदाढेला रूट कॅनाल क्वचितच शहाणपणाचं. मागची सातवी पार पोखरलेली असेल, पैसे नसतील आणि पुढचे दात शाबूत असतील, तर ती काढून जागा तशीच ठेवणं हा कमीपणाचा निर्णय नाही. समोरासमोर नीट मिळणारे वीसेक दात असले तरी माणूस व्यवस्थित चावून खातो. सहावी काढली तर मात्र मागची दाढ पुढे कलते, समोरची जागेत उतरते, आणि पाच वर्षांनी पूल बसवायचा म्हटलं तरी जागा उरत नाही.

केगाव, सिव्हिल की गल्लीतला दवाखाना

पुणे नाका ओलांडून, बाळ्याच्या पुढे केगावला पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत काम शिकणारी मुलं-मुली करतात आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षक तपासून सही करतात. त्यामुळे खर्च खासगीपेक्षा बराच कमी आणि वेळ बराच जास्त. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने.

तिथे जाताना सकाळी नोंदणी उघडते तेव्हा पोचा. आधी केस पेपर, मग निदान विभागात पूर्ण तोंडाची तपासणी, लागला तर एक्स-रे, आणि तिथून दाताच्या गरजेप्रमाणे पुढच्या विभागात चिठ्ठी: भरणं आणि रूट कॅनाल एका विभागात, हिरड्या दुसऱ्या, कवळी-कॅप तिसऱ्या, दात काढणं चौथ्या, मुलांचं वेगळ्या विभागात. पहिला दिवस बहुतेकदा तपासणी आणि चिठ्ठ्यांतच जातो, त्याच दिवशी काम होईल ही अपेक्षा ठेवू नका. आधार कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, अलीकडचा साखरेचा रिपोर्ट सोबत ठेवा, आणि घरून खाऊन जा. उपाशीपोटी भूल घेऊन भोवळ येणारे रोज निघतात. शुल्काचा तक्ता मागून वाचा. कवळी आणि कॅपमध्ये लॅबचा खर्च वेगळा असतो का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

स्केलिंग, साधं भरणं, दात काढणं, पूर्ण कवळी, समोरच्या एका मुळाच्या दाताचं रूट कॅनाल यांना महाविद्यालय उत्तम. दोन-तीन मुळांच्या मागच्या दाढेचं रूट कॅनाल अवघड असतं. त्यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे केस जाऊ शकते का, हे विभागात विचारून घ्या.

बिघडतं कुठे? मध्येच सोडण्यात. रूट कॅनालच्या पहिल्या सिटिंगनंतर दुखणं थांबतं आणि माणूस परत जात नाही. वरचं कच्चं सिमेंट काही आठवडेच टिकतं. ते झिजलं की लाळ आत शिरते, जंतू परत मुळाशी, आणि सगळं पहिल्यापासून. मग आठ महिन्यांनी दाढ उभी चिरते आणि काढावी लागते. दिलेले पैसे आणि हेलपाटे दोन्ही पाण्यात. दुसरं, परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात काम रेंगाळतं. काम सुरू करतानाच ‘पुढच्या दोन महिन्यांत तुमची परीक्षा आहे का’ असं विद्यार्थ्याला सरळ विचारावं. कुणी रागावत नाही. केस नंबर आणि विभागाचं नाव फोनमध्ये ठेवा, म्हणजे विद्यार्थी बदलला तरी धागा सुटत नाही.

आता खाड्याचा हिशेब. कवळीला पाच-सहा खेपा लागतात, रूट कॅनाल आणि कॅपला तेवढ्याच. यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात रोजावर जाणाऱ्याचा रोज ५०० धरला तर पाच खाडे म्हणजे अडीच हजार, वर जाण्यायेण्याचे पैसे. ते खासगी दवाखान्यातल्या फरकाएवढेच झाले. म्हणून घरातल्या कमावत्याचं रूट कॅनाल संध्याकाळी उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्यात, आणि आजोबांची कवळी, शाळेला सुट्टी असलेल्या मुलांच्या दाढा केगावला, अशी वाटणी बहुतेक घरांना परवडते. सगळ्यांना एकाच ठिकाणी नेण्याचा हट्ट नको.

सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, दात काढणं, सूज, जबड्याचा मार यांसाठी आधी आठवायचं ठिकाण. हृदयविकार, न आटोक्यातली साखर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचा दात तिथे काढणं जास्त सुरक्षित, कारण फिजिशियन त्याच आवारात असतात. (रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून जायचं नाही. दाताचं रक्त कापसाने थांबवता येतं, मेंदूतली गुठळी थांबवता येत नाही.) तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक कुठल्या वारी असतात ते विचारावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तेव्हा तिथे केस पेपरचे पैसे जवळ असू द्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल किंवा गारमेंटच्या कारखान्यात कामाला असणाऱ्यांनी पगाराची स्लिप नीट वाचा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि त्यातून ०.७५ टक्के ईएसआयला (कामगार राज्य विमा योजनेला) जात असतील, तर तुमच्याकडे विमा आहे आणि तुम्हाला तो ठाऊक नाही. त्यात बायको-मुलं येतात, अवलंबून असलेले आईवडीलही. नेमून दिलेल्या डिस्पेन्सरीत कार्ड दाखवून दाताची चिठ्ठी मागा. कपात होते आणि घरचे खासगीत पैसे भरतात, हे फार ठिकाणी चालू असतं.

खासगी दवाखान्यात काय विचारायचं

भाव करायला लाजू नका, पण भाव कामाचा करायचा नसतो, सामानाचा करायचा असतो. ‘कमी करा ना डॉक्टर’ म्हटलं की दोनशे सुटतात. ‘ही मागची दाढ आहे, धातूची कॅप चालेल का?’ म्हटलं की काही हजार सुटतात.

रूट कॅनाल झालेल्या मागच्या दाढेला कॅप लागतेच. नस गेलेली दाढ ठिसूळ होते आणि कडक भाकरीच्या एका तुकड्याने उभी फुटते, मग ती काढण्यावाचून इलाज नाही. पण कॅप झिर्कोनियाचीच, म्हणजे दाताच्या रंगाच्या महाग सिरॅमिकचीच, हवी असं नाही. पूर्ण धातूची कॅप सगळ्यात स्वस्त, तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते, आणि हसताना न दिसणाऱ्या सातव्या दाढेवर ती वर्षानुवर्षं टिकते. दिसणाऱ्या जागी धातूवर सिरॅमिकची. झिर्कोनिया समोरच्या दातांना शोभते, तिथेही खिसा पाहून. झिर्कोनिया घेतलीत तर लॅबचं वॉरंटी कार्ड मागून घ्या.

भरण्याच्या सिमेंटचंही तसंच. ग्लास आयोनोमर स्वस्त, फ्लोराइड सोडणारं. हिरडीलगतच्या खड्ड्यांना, मुलांना, म्हाताऱ्यांना चांगलं. चावण्याच्या पृष्ठभागावर मोठा खड्डा असेल तर ते लवकर झिजतं, तिथे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट घेणं पुढच्या हिशेबाने स्वस्त पडतं. मात्र ते भरताना दात कोरडा राहायला हवा. लाळ शिरली तर कडेने गळतं आणि खालून परत किडतं.

पैसे टप्प्याने द्या. रूट कॅनालला सिटिंगप्रमाणे, कॅपला माप घेताना निम्मे आणि बसवल्यावर निम्मे. लॅबला डॉक्टरांनाही आगाऊ द्यावे लागतात, तेव्हा शून्य आगाऊ मागणं रास्त नाही. एका घरातल्या चार जणांचं काम एकाच ठिकाणी करायचं असेल तर तसं आधी सांगा, एकत्र अंदाजपत्रकात सूट मिळते. पावती घ्या. दातांच्या उपचारांवर जीएसटी लागत नाही. बिलात तो दिसला तर कारण विचारा. निव्वळ सौंदर्यासाठीचं काम असेल तर गोष्ट वेगळी.

‘विनाव्याज हप्ते’ ऐकलं की दोन आकडे मागा: आज रोख दिले तर किती, आणि हप्त्याने प्रोसेसिंग धरून एकूण किती. रोखीची सूट हप्त्यात मिळत नाही, व्याज तिथेच लपतं. त्यापेक्षा बचत गटाचं कर्ज किंवा घरातली भिशी बरी. चार माणसांच्या घराने महिना ३०० रुपये दाताच्या नावाने वेगळे टाकले तर वर्षाला ३,६०० होतात: तपासण्या, दोन-तीन भरणी आणि एखाद-दुसरं स्केलिंग त्यात बसतं. हा पैसा दुसऱ्या कशाला काढायचा नाही, एवढं पाळणं अवघड असतं.

औषधं जन औषधी केंद्रातून घ्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागितलं की झालं.

आणि रस्त्याकडेला, जत्रेत किंवा कुठल्याशा खोलीत ‘एका तासात फिक्स दात’ लावून देणारा. हजार-पाचशेत दात मिळतो खरा. तो शेजारच्या चांगल्या दातांना प्लॅस्टिकचा लेप चिकटवून, कधी तारेने बांधून बसवलेला असतो. त्याखाली ब्रश जात नाही, अन्न कुजतं, हिरडी फुगते, आणि दोन वर्षांत आधाराचे दोन्ही चांगले दात सैल होतात. एकाच्या जागी तीन. दवाखान्यात शिरल्यावर भिंतीवर बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र दिसतं का, ते बघा.

मुलांच्या दाढा

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. तिच्या आधी कुठला दात पडत नाही, त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. ‘पडेल की’ म्हणून सोडली जाते आणि दहाव्या वर्षी रूट कॅनालला येते. तीच ही सहावी, जन्मभराची. ती पूर्ण वर आली की तिच्या खोल खाचा सीलंटने बुजवून घ्या. भूल नाही, घासणं नाही, काही मिनिटांचं काम, आणि खर्च भरण्याहूनही कमी.

दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. लवकर काढल्या तर जागा आखडते आणि खालून येणारा दात वाकडा येतो. मग तारांचा खर्च, जो या सगळ्यात मोठा. म्हणून भराव्या. लहान मूल खुर्चीत बसतच नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडबद्दल विचारा. थेंबभर औषध लावलं की कीड बहुतेकदा तिथेच थांबते, जागा काळी पडते. मागच्या दुधाच्या दाढेवर काळं पडलं तर बिघडलं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतं, त्यात दातही बघतात. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी दप्तरात हरवू देऊ नका. तिच्यावर पुढचा उपचार मोफत होतो. दुभंगलेल्या ओठ-टाळूचं ऑपरेशनही याच वाटेने जातं.

म्हाताऱ्यांची कवळी

सगळे दात काढल्यावर हिरडी भरून यायला दीड ते तीन महिने लागतात. घाईने त्याआधी केलेली कवळी ढिली होते, कारण हाड अजून आक्रसत असतं. जुनी कवळी सैल झाली तर नवी करण्याआधी आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलायनिंग करून, घट्ट होते का ते विचारा. खर्चात मोठा फरक आहे. माप आणि चाव घेतल्यानंतर मेणावर दात लावून तोंडात घालून बघतात, ती खेप सगळ्यात महत्त्वाची. त्या दिवशी घरचं माणूस सोबत न्या, ‘बावन्न, त्रेपन्न’ असे आकडे मोठ्याने म्हणायला लावा, ओठ नीट मिटतात का बघा. मेणात बदल करता येतो, कवळी पक्की झाल्यावर फारसा नाही. पहिले पंधरा दिवस भाकरी दुधात कुस्करून. शेंगाचटणीचे कण कवळीखाली जाऊन टोचतात, ती महिनाभर थांबू द्या. कुठे घासतंय ते सांगायला परत जा, घरी चाकूने खरवडू नका. रात्री काढून पाण्यात ठेवा, मऊ ब्रश आणि साबणाने धुवा. टूथपेस्टने ओरखडे पडतात.

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना देण्याच्या साधनांत कवळीही आहे. वाटप शिबिरांतून होतं; समाजकल्याण कार्यालयात पुढच्या नोंदणीची तारीख विचारून ठेवा. घरातला कुणी जुन्या करप्रणालीत आयकर भरत असेल, तर आरोग्य विमा नसलेल्या साठीवरच्या आईवडिलांवरचा वैद्यकीय खर्च वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावटीत दाखवता येतो. रोखीने दिलेला चालत नाही, म्हणून कवळीचे पैसे यूपीआयने द्या आणि पावती वडिलांच्या नावाने घ्या.

रोजचा खर्च

चार माणसं, दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढी पेस्ट, दर वेळी साधारण अर्धा ग्रॅम धरा: वर्षाला दीड किलोच्या आत, म्हणजे २०० ग्रॅमच्या सात-आठ ट्यूब. तीन महिन्यांनी ब्रश बदलला तर सोळा ब्रश. सप्टेंबर २०२५ पासून पेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जाहिरातीतली ब्रशभर लांब पेस्ट फक्त ट्यूब लवकर संपवते. पेस्टवर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असावं, तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच. रात्रीचं ब्रश करणं सकाळच्यापेक्षा जास्त कामाचं, आणि नंतर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. मिश्रीने दात घट्ट होतात असं सांगणाऱ्या आजीला एवढंच सांगा की मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती हिरडी बधिर करते, म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कळत नाही.

रात्री ठणका लागला तर

पॅरासिटामॉल, किंवा पोटात काही घालून आयब्यूप्रोफेन ४०० मिलिग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, दमा, गरोदरपण, डेंग्यूचा संशय यांपैकी काही असेल तर आयब्यूप्रोफेन नको. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंग तेल कापसाच्या टोकाला थेंबभर. तेवढ्यापुरता आराम, उपचार नव्हे. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने नसेचा ठणका जात नाही, औषध तिथवर पोचतच नाही. उशी उंच घ्या, आडवं झालं की जास्त ठणकतं.

सूज डोळ्याकडे चढली, हनुवटीखाली कडक झाली, तोंड दोन बोटंही उघडेना, गिळता येईना, ताप भरला: सकाळची वाट बघू नका, सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात. ही सूज श्वासनलिका दाबू शकते.

दात काढून आल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास चावून धरा, दिवसभर थुंकू नका, गुळणी नको, स्ट्रॉने पिऊ नका, तंबाखू-मिश्री निदान तीन दिवस बंद. रक्ताची गाठ निघून गेली की तिसऱ्या दिवशी हाड उघडं पडून असं दुखतं की परत एक खेप, परत एक खाडा. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलकेच गुळण्या.

पडून-आपटून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दहा सेकंद दुधाने धुवा, जागेवर परत बसवा आणि रुमाल चावून धरा. बसवता येत नसेल तर दात दुधाच्या पेल्यात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. अर्ध्या तासात पोचलात तर तो जगण्याची शक्यता बरीच जास्त. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवत नाहीत. रक्त थांबवा आणि दुसऱ्या दिवशी दाखवून घ्या.